टाकीच्या बुडाची ओल

खासदार होण्याआधी वीसेक वर्षं मी उंच पाण्याच्या टाक्या बांधल्या. कुपवाडच्या कारखान्यांच्या, खटावातल्या खेड्यांच्या. हाताखालची माणसं मला खडूस म्हणायची, आणि होतोच मी. नवी टाकी एकदम भरू द्यायचो नाही. पाव भरायची, थांबायचं, ओल दिसेल तिथं खडूनं रेघ ओढायची, रेघेच्या पुढं ओल सरकली नाही तरच आणखी पाणी. आठवडा जायचा. सरपंच वैतागायचे, पुढाऱ्यांचे फोन यायचे. 'पडली तर खाली तुम्ही उभे राहणार का?' असं मी तोंडावर विचारायचो. पुढं प्रचारात लोकांनीच हे गावोगाव सांगितलं, की हा गडी कच्चं काम पास करत नाही. मी निवडून आलो तो त्या नावावर.

मागच्या उन्हाळ्यात वडूजजवळच्या एका गावात माझ्या हस्ते नव्या टाकीचं उद्घाटन होतं. दिल्लीतलं अधिवेशन आटोपून थेट आलो. मांडव, हलगी, फेटे, सगळा थाट. गाडीतून उतरलो आणि सवयीनं वर बघितलं. टाकीच्या बुडाला, एका खांबाच्या डोक्याशी, हातभर ओल होती.

सरपंचाला बाजूला घेऊन विचारलं, "भरली कधी?"

"काल सकाळी, सायेब. एका दमात. तुमी बटन दाबल्यावर नळाला जोर दिसाय पायजे, म्हणून गच्च भरली." सांगताना त्याची छाती फुगली होती.

टाकीचं काम बघणारा सरकारी इंजिनियर, तरणा पोरगा, माझी नजर चुकवून फेट्याचा शेमला चाचपत होता. त्याला सगळं कळत होतं. ठेकेदार तर माझाच कार्यकर्ता, हार घेऊन पुढ्यात उभा. आणि बायका सकाळपासून हंडे घेऊन ओळीत. टँकरमागं पळण्यात त्यांचा जन्म गेलेला. माईक माझ्या हातात होता. 'आज पाणी सुटणार नाही' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस मी, पण जीभ उचलली नाही. कार्यक्रम उरकू, मग गुपचूप रिकामी करू, अशी मनाची समजूत घातली आणि बटण दाबलं. पाणी धो धो आलं. लोकांनी गुलाल उधळला.

संध्याकाळीच त्या इंजिनियरला फोन करून टाकी रिकामी करायला सांगितलं. दोन दिवसांनी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, बायका कॉक बंद करू देत नाहीत. म्हणतात, खासदारांनी चालू केलीय, तू कोण लागून गेलास?" खात्याला पत्र लिहिलं. 'तपासणी प्रस्तावित आहे' असं उत्तर आलं. असली उत्तरं लिहिणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या घातल्यात.

शेवटी स्वतः गेलो, एकटाच. भर दुपार होती. ओल खांबावरून निम्म्यापर्यंत उतरली होती, आणि बुडाशी केसासारखी एक चीर. खाली सावलीत अंगणवाडी भरली होती. खोलीचा पत्रा तापतो म्हणून अंगणवाडीच्या बाईंनी पोरं तिथं आणून बसवली होती.

"बाई, आधी पोरं उठवा," मी लांबूनच म्हणालो.

बाई हसल्या. "बसू द्या की सायेब, गार हाय हितं. लोकं म्हनत व्हती, ओल दिसतीया. मी म्हनलं, सायेब सोता इंजिनेर हायत. टाकी खराब असती, तर त्येंनी बटन दाबलं असतं व्हय?"

"मला ती ओल त्याच दिवशी दिसली होती," मी म्हणालो.

बाईंचं हसू गेलं. त्यांनी वर टाकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या पोरं उठवायला लागल्या. सगळ्यात लहान पोर माझ्या पायाशी बसलं होतं. मी वाकून त्याला उचललं, तर बाईंनी येऊन ते माझ्या हातातून काढून घेतलं.