बोअरच्या दांड्यांचं ग्रीस

वलगावच्या एका मळ्यात बोअर घेताना निघालेली चिकणमाती मी कॉलेजात तपासली. लिथियम भलतंच जास्त आलं. विभागप्रमुखांनी मला न विचारता वलगावात लिथियमचा साठा सापडल्याची बातमी पेपरात दिली. मी मात्र ढेकळाचा वरचा थर खरवडून आतली माती पुन्हा तपासली. तिच्यात कुठल्याही चिकणमातीत असतं तेवढंच लिथियम होतं. बाकीचं बोअर मशीनच्या दांड्यांना लावलेल्या ग्रीसचं होतं. त्यात लिथियम असतंच.

"एवढ्यात बोलू नका," प्रमुख म्हणाले. "कॉलेजचं नाव झालंय."

माझं डोकं फिरलं. तेवढ्यात मळेवाल्या काकू आल्या.

"सर, वावरात खदान होऊन राहिली म्हणे. संत्र्याची कलमं आणून ठेवली. लावू का नको?"

"थोडं थांबा," प्रमुख म्हणाले.

"मी थांबतो जी, कलमं थांबतीन काय? सुकून राहिली ना!"

"आजच लावा, काकू!" मी ओरडलोच. "खाणबिण काही नाही. ते मशीनचं ग्रीस होतं."

"मंग पेपरात काहून छापलं?"

प्रमुख टेबलावरचे कागद चाळू लागले. शेवटी मीच म्हणालो, "माती मी घेतली. दांडे पुसून घ्यायला मीच विसरलो."

प्रमुखांनी लगेच मान डोलावली, जणू चूक तेवढीच होती. त्या मानेची चीड मला अजून येते.