टॉवेलाखालचा हात

लॉन्ड्रीतल्या स्टार्चचा वास आला, की मुलाचा नौदलाचा पांढरा गणवेश आठवतो. लष्करात हेलिकॉप्टर चालवणारा माझा पोरगा एका सुट्टीत तो शिवून घेऊनच घरी आला. म्हणाला, "आबा, लष्करातनं नौदलात बदली मंजूर झाली. आता जहाजावरनं उडायचं." मी भडकलो. "मला इचारलंस व्हय? हलत्या जहाजावर उतरणं म्हंजे म्हशीच्या पाठीवर बसणं वाटलं काय?" जन्मभर मी म्हशींचे सौदे केलेले. बाजारात टॉवेलाखाली बोटं दाबून भाव सांगतात, तसाच टॉवेल टाकून त्याचा हात धरला. "बोल, जुन्या जागी ऱ्हायला काय घेशील?" त्यानं एकही बोट दाबलं नाही, नुसता हात धरून बसला. आता गुडघे गेले, बाजार सुटला. राग मात्र आहे. त्यानं भाव सांगितला असता, तर मी गोठा विकून दिला असता.