पानाबाईंची करवत

माझ्या आत्याला रागवायला कारण लागत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. हे खोटं आहे. तिला कारण लागतं, आणि ते तिला रोज मिळतं. इतरांना ते दिसत नाही, एवढंच.

एकतीस वर्षं ती तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करत होती. दोनशे बारा मशीन, तीन मजले आणि खांद्याला हत्यारांची पिशवी. नट फिरवायचा पाना सदा हातात, म्हणून तिला तिथे पानाबाई म्हणत. तिच्या हाताखाली शिकलेले दोघे तिच्याच डोक्यावर फोरमन होऊन बसले, ती मेकॅनिकची मेकॅनिकच राहिली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, की बाईंनी सगळ्यांना आईची माया दिली. आत्याने कारखान्यात कुणालाही माया दिली नव्हती. तिने मशीन चालू ठेवली होती. भेट मिळालेली काचेची फुलदाणी तिने गेटवरच्या वॉचमनला देऊन टाकली आणि घरी येऊन आतोबांना म्हणाली, "एक जण, एक जण जरी म्हणाला असता ना, की बाईंनी हात लावलेलं मशीन परत बिघडत नाही."

आतोबा शाळेत भूगोल शिकवायचे. शांत माणूस. ते म्हणाले, "चहा ठेवू?"

पुढच्या तीन महिन्यांत तिने घरातला मिक्सर, शेजारणीची इस्त्री, जिन्यातला दिवा आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांची चाकाची खुर्ची दुरुस्त केली. बिघडलेलं सगळं संपलं, तेव्हा ती चालू असलेल्या वस्तूंकडे संशयाने बघायला लागली. आतोबांनी आपला रेडिओ कपाटात लपवला.

त्याच सुमारास माझ्या बाबांनी, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाने, आमच्या घरामागची खोली आवरायला काढली. कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेली एक चेनसॉ निघाली. पेट्रोलवर चालणारी, साखळीची करवत. माझे आजोबा लाकडाच्या वखारीत कामाला होते. वखार बंद झाली तेव्हा मालकाने ती त्यांना दिली होती. आता तिचा लाल रंग उडाला होता, साखळी गंजून एकसंध झाली होती आणि वजन धोंड्यासारखं होतं. बाबांनी भंगारवाल्याला फोन करायला घेतला, तेवढ्यात आत्या आली.

"ही मी नेते."

"कशाला?"

"दुरुस्त करते."

"करून काय करणार ताई? तिसऱ्या मजल्यावर झाड उगवलंय का तुमच्या?"

"मजा म्हणून."

बाबा हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. "मजा म्हणून लोक सहलीला जातात. आणि ती मेलीय. मागे गॅरेजवाल्याला दाखवली होती, त्याने हात टेकले."

"तू दर रविवारी तळ्याकाठी गळ टाकून बसतोस. एक मासा आणलायस आजपर्यंत?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

आत्याने करवत पिशवीत घातली आणि बसने घरी नेली. कंडक्टरने विचारलं, हे काय आहे. ती म्हणाली, शिलाई मशीन.

स्वयंपाकघरातल्या टेबलाचा अर्धा भाग तिने घेतला. उरलेल्या अर्ध्यावर आतोबा जेवत. पहिल्याच दिवशी बाजूचं झाकण काढल्यावर तिचं डोकं फिरलं. आतला क्लच उलट्या आट्यांचा होता, म्हणजे इतर नट ज्या दिशेने सैल होतात त्याच्या विरुद्ध दिशेने तो फिरवायचा. कुणाला कळावं म्हणून करवत बनवणाऱ्या कंपनीने क्लचवरच्या लोखंडी झाकणावर बाणही कोरला होता. गॅरेजवाल्याने त्या बाणावरच छिन्नी ठेवून, उलट्या बाजूने, हातोड्याने ठोकलं होतं. तीन ठिकाणी लोखंडाचे लचके निघाले होते.

मी त्या दिवशी तिच्याकडे गेले होते. तिने मला चप्पलही काढू दिली नाही. "चल," म्हणाली, आणि क्लचचं झाकण फडक्यात गुंडाळून निघाली.

गॅरेजवाला मोटारसायकलखाली वाकलेला होता. आत्याने झाकण त्याच्या नाकासमोर धरलं. "हे तू केलंस?"

"आठवत नाही बाई. जुनी गोष्ट असेल."

"छिन्नीचे घाव आहेत. बाण दिसला नाही?"

"कुठला बाण?"

"ज्याच्यावर छिन्नी ठेवलीस तो."

त्याने हात पुसले, माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बाई, असल्या कामात तुम्ही पडू नका. मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो."

मला वाटलं, आता ती ते झाकण त्याच्या डोक्यात घालणार. तिने आवाजही चढवला नाही. "मिस्टरांना नकाशा कळतो, नट कळत नाही. तुला दोन्ही कळत नाही." त्याच्या टेबलावरची छिन्नी उचलून तिने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि आम्ही निघालो. रस्ताभर तिच्या चालण्याच्या वेगाने मला धाप लागली.

क्लच काढायचा तर आतला पिस्टन जागच्या जागी रोखून धरावा लागतो. त्यासाठी प्लगच्या भोकातून आत दोरी भरायची, म्हणजे पिस्टन तिच्यावर येऊन अडतो आणि धातूला इजा होत नाही. दोरी मऊ हवी, धागे सुटणारी नको. आत्याने आतोबांच्या पायजम्याची नाडी ओढून काढली. आतोबा दिवसभर एका हाताने पायजमा धरून घरात फिरत होते आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्र वाचत होते. संध्याकाळी क्लच सुटला. नाडी परत मिळाली, पण काळी.

नंतरचे दोन महिने ती कुणा ना कुणावर चिडलेली होती. पेट्रोलची नळी आत विरघळून डांबर झाली होती, म्हणून नळीवर. दोरी ओढायच्या चाकातली स्प्रिंग उसळून तिच्या मनगटावर बसली, म्हणून स्प्रिंगवर. कार्बोरेटरमधला रबरी पडदा वाळून पत्र्यासारखा कडक झाला होता, त्यासाठी तिने कंपनीच्या एजन्सीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की हे मॉडेल बंद झालं आहे, आपण आमचं नवीन हलकं यंत्र घ्यावं, महिलांनाही सहज वापरता येतं. ते पत्र तिने फाडलं नाही. फ्रिजवर चिकटवलं, आणि पाणी प्यायला उठली की ते वाचायची.

पडदा तिने स्वतः बनवला. पहिला रेनकोटच्या कापडाचा. पेट्रोल लागताच तो वळकटी होऊन बसला. दुसरा हातमोज्याचा, तो फुगला. मग भंगारातून जुन्या मोटारीचा पेट्रोल पंप आणून तिने त्यातला पेट्रोल सोसणारा पडदा काढला, शिवणाच्या कात्रीने कापला आणि काजांची भोकं पाडायच्या पंचाने त्याला सहा भोकं पाडली. ती भोकं मी पाहिली आहेत. एकही केसभर इकडे तिकडे नव्हतं.

"छान झालंय," मी म्हणाले.

"छान नाही. बरोबर झालंय."

शेवटी साखळीचा एकेक दात तिने गोल कानशीने धारदार केला. घरात यंत्र सुरू करायची सोय नव्हती. आमच्या परसात मात्र एक वाळका ओंडका पडलेला होता. तिने बाबांना फोन केला, रविवारी येते. बाबांना आनंद झाला. इतका, की त्यांनी त्यांच्या तळ्याकाठच्या चारही मित्रांना जेवायला बोलावलं.

आत्या जुने बूट आणि चष्मा घालून आली. करवत जमिनीवर ठेवली, मागच्या मुठीत बुटाचं टोक अडकवलं आणि दोरी ओढली. पहिले तीन हिसके कोरडे गेले. चौथ्याला यंत्र खोकलं. सहाव्याला असा आवाज फुटला, की कुंपणावरची मांजर दिसेनाशी झाली. निळा धूर, पेट्रोलचा वास, आणि धुरात उभी असलेली माझी आत्या. ती हसत होती. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मित्रांनी टाळ्या वाजवल्या.

"वडिलांची आहे," बाबा मोठ्याने म्हणाले. "इतकी वर्षं जपून ठेवली होती. म्हटलं, जरा काम करून घेऊ."

आत्याचं हसू तिथेच थांबलं. बाबांचं लक्ष नव्हतं. "दे ताई, जड आहे ती. पहिला काप मी मारतो." त्यांनी तिच्या हातातून करवत घेतली, पुरता वेग यायच्या आधीच ओंडक्यात दाबली आणि साखळी अडकून यंत्र बंद पडलं. दोनदा तसंच झालं.

बाबा मित्रांकडे वळून म्हणाले, "मेकॅनिकने काम कच्चं ठेवलंय."

"हल्ली कामं अशीच करतात," एक मित्र म्हणाला.

मेकॅनिक दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मला सगळं माहीत होतं आणि मी काही बोलले नाही. हे मी इथे लिहून ठेवते, कारण नंतर तिने मला ते ऐकवलं आणि तिचं बरोबर होतं.

आत्याने बाबांच्या हातून करवत काढून घेतली. व्हरांड्यातल्या जेवणाच्या टेबलावरची ताटं एका बाजूला सरकवली, चादर अंथरली आणि पिशवीतून पाने काढले. इंजिन तापलेलं होतं. तिने हाताला फडकं गुंडाळलं. पेट्रोल डब्यात काढलं. मग पातं, साखळी, झाकण, सायलेन्सर, कार्बोरेटर. एकेक नट, एकेक वॉशर, ओळीने. पाऊण तास हे चाललं. आईने वाढलेलं गार झालं. एका मित्राला अचानक काम आठवलं, मग दुसऱ्याला.

शेवटचा स्क्रू ठेवून ती बाबांना म्हणाली, "लाव."

"काय?"

"तू काम करून घेतलंस ना? मग कुठलं कुठे जातं ते माहीत असेल. लाव."

"ताई, एवढ्याशा गोष्टीवरून..."

"एवढीशीच होती. म्हणूनच विचारते, ती तरी माझ्याकडे का राहू दिली नाहीस? कारखान्यात साहेब होते, तिथे मी गप्प बसले. इथे कोण आहे माझा साहेब?"

"मी गमतीत म्हणालो."

"तू त्यांना काय म्हणालास ते मला ऐकू आलं. गमतीत नाही म्हणालास."

उरलेले दोन मित्र चपला शोधायला लागले. आत्याने चादरीची चारही टोकं एकत्र बांधली, गाठोडं खांद्यावर टाकलं आणि निघाली. फाटकाशी ती माझ्याकडे वळली. "तू शिकलेली आहेस. तोंड कशासाठी दिलंय तुला?"

दोन दिवसांत तिने करवत पुन्हा जोडली. बाबांशी मात्र ती सात महिने बोलली नाही. बाबांनी आधी माझ्यामार्फत निरोप पाठवले, की ताईला सांग, विसरून जा. मी ते निरोप पोहोचवणं बंद केलं. "तुम्ही स्वतः जाऊन सांगा," मी म्हणाले, "आणि विसरून जा असं सांगू नका." बाबा माझ्यावर आठवडाभर रुसले. घरातल्या घरात आम्ही मिठाची बरणी आईच्या हातून मागत होतो.

मग एका शनिवारी ते आत्याकडे गेले. मीही बरोबर होते. आतोबांनी दार उघडलं आणि आमच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. बाबा उभ्या उभ्याच म्हणाले, "ती तू दुरुस्त केलीस. मी खोटं बोललो. बंद पडली ती माझ्या हातामुळे."

आत्या कानस पुसत होती. "मला काय सांगतोस? मला माहीत आहे. त्या चौघांना सांग."

"सांगेन."

"फोन आहे ना खिशात?"

बाबांनी आतोबांकडे बघितलं. आतोबा खिडकीबाहेर बघत होते. शेवटी बाबांनी पहिल्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं, कान लाल होईपर्यंत. तो मित्र म्हणाला, "अरे, आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं." दुसऱ्याने ताईंना नमस्कार सांगितला आणि आपलं गवत कापायचं यंत्र बघतील का म्हणून विचारलं. आत्या म्हणाली, नाही. तिसऱ्याला काहीच आठवत नव्हतं. कुठली करवत, कुठलं जेवण, असं तो विचारत राहिला आणि बाबांना सगळी हकिगत पहिल्यापासून, आपल्या तोंडाने, पुन्हा सांगावी लागली. आत्या हाताची घडी घालून ऐकत होती. एके ठिकाणी बाबांनी 'दोनदा बंद पडली' हे गाळलं, तर तिने दोन बोटं वर केली.

चौथा, 'हल्ली कामं अशीच करतात' म्हणणारा, फोन उचलेना.

"उद्या लाव परत," आत्या म्हणाली. "इथूनच."

"राग गेला का, ताई?"

"कमी झालाय. बस, चहा घे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा तळ्यावर गेले नाहीत. सकाळी नऊ वाजता ते पुन्हा तिसरा मजला चढले.