आतून पांढरी होणारी काच

मुलगी संशोधनासाठी उत्तर जपानात गेली, तेव्हा तिथल्या थंडीविषयी मी तिला बराच उपदेश केला. ज्या माणसाचं निम्मं आयुष्य सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या उकाड्यात गेलं, त्याने थोडं कमी बोलायला हवं होतं, असं आता वाटतं.

तिचं काम मातीचे नमुने तपासण्याचं. केंद्र शहराबाहेर, बस तिथवर जात नाही. त्यासाठी तिने एक जुनी गाडी घेतली होती; पण हिवाळा लागला आणि गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच समोरची काच आतून पांढरी होऊ लागली. तेव्हापासून एक सहकारी तिला सोबत नेत असे. ती सहकारी आता बाळंतपणाच्या रजेवर निघाली होती. सोमवारपासून मुलीला स्वतः गाडी नेता आली नाही, तर केंद्रावरचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

"पुसली की परत तेच. आय कान्ट सी एनिथिंग, लाह," ती शुक्रवारी फोनवर आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"हीटर लावलास ना? एसी बंद आहे?"

"हो. बाहेरची हवापण बंद आहे. तूच सांगितलंस ना, बाबा."

सांगितलं होतं खरं. थंडीत एसी कशाला, आणि बर्फावरची हवा आत कशाला घ्यायची, असा माझा साधा हिशेब. शिवाय गाडीच्या चित्रात आतल्या आत वळणारा बाण असलेलं ते बटण सिंगापुरात आम्ही कायम दाबूनच ठेवतो; बाहेरची दमट हवा आत आली की एसीला दम लागतो. तिच्या गाडीतली अक्षरं जपानी होती, पण हे चित्र ओळखीचं होतं. लहानपणापासून पाहिलेलं. तिने निःशंकपणे ते दाबलं होतं.

फोन ठेवल्यावर मला एक गोष्ट जाणवली. इथे काच धुरकटते ती बाहेरून, एसीने गार पडल्यामुळे. वायपर फिरवला की काम भागतं. आतून धुरकटणारी काच मी कधी नीट पाहिलीच नव्हती.

शनिवारी दुपारी जोराचा पाऊस आला, तेव्हा कारपार्कच्या उघड्या गच्चीवर गाडी नेऊन उभी केली. सोबत पत्नी, दोन ओल्या छत्र्या आणि चहाचा थर्मास. एसी बंद केला, इंजिन सुरू ठेवलं, थर्मासचं झाकण उघडलं.

"अहो, हा चहा प्यायचा की नुसता बघायचा?"

"वाफ होऊ दे थोडी."

वाफ झाली. बाहेरच्या पावसाने गार पडलेली काच कडेकडेने पांढरी होत गेली. मग तापमानाचं चक्र मी लाल टोकाला फिरवलं. इथल्या पुष्कळ गाड्यांत हीटर नसतोच. आमच्या गाडीत तो होता आणि आजवर कुणी त्याला हात लावला नव्हता. जळक्या धुळीचा वास आला, गरम झोत आला. काच मात्र जवळजवळ तशीच राहिली.

"या शहरात हीटर लावून बसलेले आपण दोघंच असू," पत्नी पदराने वारा घेत म्हणाली. "कुणी पाहिलं तर पोलीस बोलावतील."

हीटर तसाच ठेवून मी एसीचं बटण दाबलं. दोन्ही एकत्र चालतात हेच मला ठाऊक नव्हतं. झोत गरमच राहिला, पण काचेवर खालून एक स्वच्छ अर्धवर्तुळ उमटलं आणि वर सरकू लागलं. एसी हवा गार करतो एवढंच मी धरून चाललो होतो. तो तिच्यातलं पाणीही काढून घेतो. गाडीखाली पडणारं ते पाणी मी इतकी वर्षं रोज पाहत आलो होतो.

संध्याकाळी थोडं वाचलं. कडाक्याच्या थंडीत एसीचा पंप बहुधा चालतच नाही. तिथे उपयोगी पडते ती बाहेरची हवा. आजूबाजूला बर्फ असला तरी ती हवा कोरडी असते. ओल असते ती आत, माणसाच्या श्वासात आणि बुटांवरून वितळलेल्या पाण्यात. आणि मी तीच कोंडून ठेवायला सांगितलं होतं.

मग तिला फोन केला. "मी चुकीचं सांगितलं होतं. ते बाणाचं बटण बंद कर."

"केलं. पण हवा फारच कमी येतेय."

डॅशबोर्डच्या खणामागचा, आत येणारी हवा गाळणारा फिल्टर पाहायला सांगितलं. इथे तो मी न चुकता बदलून घेतो. तिच्या गाडीत असेल, हे मात्र सुचलं नव्हतं. बरीच खुडबुड ऐकू आली.

"ई, बाबा. ओली पानं आहेत. कुजलेली."

रविवारी तिने नवा फिल्टर आणून बसवला, पायाखालचे ओले गालिचे घरात नेऊन वाळवले.

सोमवारी सकाळी आमचा चहा होण्याआधीच मी तिला फोन लावला. तिने तो गाडीच्या स्पीकरवर घेतला. मागे चाकांखाली बर्फ चुरडल्याचा आवाज येत होता.

"काच?"

"क्लिअर आहे."

"खालून वर साफ होत गेली का? की एकदम? आणि एसी लागला, की नुसत्या बाहेरच्या—"

"बाबा, मी चालवतेय. वळण आलंय."

तिने फोन ठेवला. ठेवायलाच हवा होता. काच कशी साफ होत गेली, हे मला अजून कळलेलं नाही.