विहीणबाईंची लस

पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आमच्याकडची रीत आहे आणि ती काही मी सुरू केलेली नाही. लेक परदेशात. तिला इकडे येता येईना, म्हणून माहेरच तिच्याकडे जाणार असं ठरलं होतं. माहेर म्हणजे मी. महामारीचं दुसरं वर्ष चालू होतं. व्हिसा हातात होता, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून झाली होती. सगळं अडलं ते लसीपाशी.

मी घेतलेली लस आमच्या हैदराबादेतच तयार झालेली. आपल्या गावची म्हणून नल्लकुंट्यातल्या दवाखान्यात रांगेत उभं राहून हौसेने घेतली. लेक राहते त्या देशाच्या यादीत तेव्हा तिचं नावच नव्हतं. दुसरी घेते म्हटलं, तर दोन्ही डोस झालेल्या बाईला आणखी कुणी टोचेना. आणि लेकीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, धाकट्या मुलाच्या नोकरीपायी पुण्याहून इथे कुकटपल्लीला येऊन राहिलेल्या. त्यांच्या सोसायटीत जी आली ती त्यांनी नावही न विचारता टोचून घेतली. ती मात्र यादीत होती. व्हिसा त्यांच्याकडेही होताच.

"मग मीच जाते की," त्या फोनवर म्हणाल्या. कोठीच्या बाजारात जाऊन येते म्हणावं, इतक्या सहज.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, "हौ, पण पोरगी एकटी तर नाही ना राहणार. उगं परेशान नको होऊ." त्याला काय जातंय म्हणायला. मला हेवा वाटत होता. बाळाला न्हाऊ कोण घालणार, एवढंच डोक्यात फिरत राहायचं.

निघायच्या आदल्या दिवशी त्या दुपटी आणि डिंकाचे लाडू न्यायला आमच्याकडे आल्या. "कागद एकदा नजरेखालून घालता का? तुम्हाला सगळं पाठ आहे," म्हणाल्या. होतंच पाठ. स्वतःसाठी केलं होतं. मी चष्मा लावला. लसीचा दाखला ठीक होता, ऑनलाइन भरलेला अर्ज ठीक होता. कोरोनाचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, पण त्यावर पासपोर्टचा नंबर नव्हता. त्या देशाला तो लागायचा. नसला तर इथल्या विमानतळावरूनच माघारी यायचं.

मी कागद खाली ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. आधण उकळून उकळून आटलं. गप्प बसले, तर उद्या या घरी परततील. बाळंतपण माझं नाही, तर यांचंही नाही. हा विचार मला गोड लागला, खोटं कशाला बोलू. पण मग लेकीपाशी कोण? जावई? त्याला स्वतःचा चहा करता येत नाही. आणि तिचे दिवस भरत आले होते.

बाहेर येऊन म्हटलं, "विहीणबाई, हा रिपोर्ट चालायचा नाही." त्यांचा चेहराच उतरला. मग लॅबला फोन मीच लावला, पासपोर्टचा नंबर मीच वाचून दाखवला. संध्याकाळी नवा रिपोर्ट आला, तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणून त्यांच्या फाईलमध्ये लावला.

"तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?" त्यांनी माझा हात धरला.

"लाडू वरच्या बाजूला ठेवा, फुटतील," मी म्हटलं.

नात झाली. घरी आणल्यावर लेकीने व्हिडिओ कॉल लावला. विहीणबाईंनी बाळाला नुकतंच न्हाऊ घातलं होतं. माझ्या दुपट्यात गुंडाळून खांद्यावर घेऊन त्या थोपटत होत्या. नात आधी रडत होती, मग तिचा डोळा लागला.

"आई, तू काळजी करू नकोस," लेक हळू आवाजात म्हणाली. "सासूबाईंचा हात अगदी तुझ्यासारखा आहे गं."

मला बरं वाटावं म्हणून म्हणाली होती. मी "बरं झालं बाई" म्हटलं आणि फोन नवऱ्याकडे दिला.