नंबर दोन, रेडी!

लढाईत आमची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, डोंगराच्या पायथ्याशी होती. दोन नंबर तोफेचा कमांडर हवालदार दगू, तीन नंबरचा मी, तोही हवालदारच. रोज पहाटे पाचला रेडिओवर साहेब विचारायचे, "नंबर दो?" दगू ओरडायचा, "रेडी, साब!" एकदा मांडीत गोळ्याचा स्प्लिंटर घुसला होता, तरी गडी तेच ओरडला. संध्याकाळी बूट काढला तर आत रक्त. साहेबांनी शाबासकी दिली. तिथंच सगळा घोळ झाला बघा!

आजारी म्हणून सिक रिपोर्ट करणारा म्हणजे कामचोर, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलं. लढाईत बॅटरीची दोन माणसं गेली. घरी परतल्यावर त्याहून जास्त गेली. एक दारूनं, एक सिन्नर रोडवर हेल्मेट हँडलला अडकवून, बाकीचे दुखणं लपवून. गोळ्यांतून वाचायचं आणि घरी येऊन असं मरायचं, काय म्हणावं याला!

दगू लासलगावजवळ शेती करायचा. गेल्या हिवाळ्यात त्याच्या बायकोचा, मंदावहिनींचा फोन आला.

"भाऊजी, कांद्याच्या लिलावात हे ट्रॅक्टरला धरून खाली बसले. छातीत दुखतंय. दवाखान्यात चला म्हटलं तर माझ्यावरच डाफरत्यात. तुम्हीच या."

गेलो. शिव्या घालूनच त्याला गाडीत बसवलं.

"गॅस हाय रे," दगू म्हणाला.

"घामानं भिजलायस, गॅस कसला! डॉक्टरला खरं सांग."

"सांगतो की. लय कटकट करू नको."

नाशिकला दवाखान्यात तरुण डॉक्टरबाईंनी ईसीजी काढला. त्यात फारसं काही दिसेना. "काका, नेमकं काय होतंय?" त्यांनी मायेनं विचारलं.

"बाई, डाव्या हातात कळ..." दगू बोलू लागला. मला हायसं वाटलं. तेवढ्यात मोठे डॉक्टर आत आले. फौजेतून कर्नल म्हणून रिटायर झालेले. दगूच्या टोपीवरचा तोफेचा बिल्ला बघताच तोफखान्याचा गडी त्यांनी ओळखला.

"कौन सी तोप, जवान?"

झालं! दगू खाटेवरून उतरला, टाचा जुळवल्या. "नंबर दो, साब!"

"कैसे हो?"

"फर्स्ट क्लास, साब!"

"दर्द?"

"नहीं, साब!"

"साब, झूठ बोल रहा है," मी म्हणालो. कर्नलांनी रात्रभर थांबायला बजावलं. दगूनं कडक सलाम ठोकला आणि चक्क घरी निघाला. असा राग आला होता! कान धरून बसवावं, तर तो माझ्यापेक्षा सीनियर.

सकाळी मोटर चालू करायला मळ्यात गेला, तिथंच पडला.

दहाव्याला गोदाघाटावर मंदावहिनी माझ्याकडे बघत होत्या. "भाऊजी, पायऱ्या चढताना दोनदा थांबलात. बरं हाय ना?"

"एकदम फिट, वहिनी!" तोंडातून निघालंच.

"आमचे बी हेच म्हणायचे," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्याच दवाखान्यात गेलो. कर्नलांना चेहरा आठवत होता.

"कैसे हो, हवालदार? और वो नंबर दो?"

माझ्या टाचा आपोआप जुळल्या.

"नंबर दो नहीं रहा, साब," मी म्हणालो. "और मैं ठीक नहीं हूँ।"