माऊसमधलं तेल

लिव बाय, गंगूचं लिव. ती न्हाय आता, आन् तिज्यावर दुसरं कोण लिवणार?

गंगू अकलोलीकडच्या पाड्यावरची. बारा वर्सांची व्हती तवा आईसंगती भिवंडीत आली नि कांडी भरायला बसली. कांडी म्हंजे लूमच्या धोट्यात घालतात ती सुताची नळी. मी शेलार गावची, लगीन होऊन आले नि तिज्या बाजूच्या मशीनवर बसले. वीस वर्सं आमी तशाच बसलो, यूनुसशेठच्या कारखान्यात. मी बोलायची, ती ऐकायची. खोल्या पण शेठच्याच, कारखान्याच्या मागं. मधी एकच भिंत, तिच्या अल्याड माजी चूल, पल्याड तिची.

गंगूचे कान काय सांगू तुला! चोवीस लूम खडखडतात, माणसाला माणसाचं ऐकू येत न्हाय, आन् ही हात न थांबवता बोलायची, "सातव्याच्या रोळाला रुई गुंडाळलीय." कारागीर जाऊन बघायचा, तर खरंच त्या फिरत्या दांड्याला कापसाची रुई असायची.

मग शेठनं कम्प्युटर आणला. अठ्ठ्याण्णव साल असंल, तुजा बाप दहावीला बसलेला. शेठची पोरगी जोहरा कालेजात शिकायची, ती त्याच्यावर कापडाची चौकडी काढायची. निळी पट्टी, लाल पट्टी, बोट दाबलं की रंग बदलला. मी तर पयल्या दिवशी पदर तोंडात धरून उभी! हाफिसात झाडायला आमी दोघी जायचो. हाफिसाचं दार लूमकडंच, त्यामुळं रुई उडून टेबलावर, खुर्चीवर, सगळीकडं.

एक दिवस दुपारी जोहरा लय चिडलेली. "ये माऊस को क्या हुआ? बाण हितं ने म्हटलं तर तिकडंच अडतो." पाय आपटत जेवायला गेली. आमी आत आलो. मी तो माऊस उचलला, पालथा केला. खाली सुपारीएवढा गोळा! अंगठ्यानं फिरवला तर करकर.

आता तूच सांग, लूमवर आमाला काय शिकवलेलं? करकरलं की तेल. मशीन करकरलं तेल, दाराची कडी करकरली तरी तेल. मी कुप्पी आणली नि सोडले दोन थेंब.

गंगूनं झाडता झाडता वळून बघितलं. "जानके, विचारायचं तरी!"

"त्यात काय विचारायचं? पोरगी दुवा देईल."

दुवा कसली! जोहरा आली, माऊस धरला, नि बाण मेल्यासारखा पडून. हाताला काळं तेल. "अब्बा!" अशी किंचाळली की मला वाटलं करंट लागला. चार वाजता मुंबईचा व्यापारी चौकडी बघायला येणार व्हता.

शेठ आले. बोट नाकाला लावलं. "हे लूमचं तेल हाय. कुणी घातलं? जिनं घातलं तिनं आजच्या आज काम सोडायचं. खोली पण."

तुजा आजा तवा खाटेवर, अंग लुळं पडलेलं. त्याला घेऊन मी जाणार कुठं?

"मी घातलं, शेठ," गंगू बोलली.

बाय गं! ही बाई जन्मात खोटं बोललेली न्हाय. शेठ तिज्याकडं वळले. "गंगू? तू?"

"हो. पण जायच्या आधी एकदा मला ते उघडू द्या."

"तुला त्यातलं काय येतं?" जोहरा बोलली.

"लूममधलं तरी कुणी शिकवलं मला?"

तिनं माऊस उलटा धरला, दोन अंगठे दाबून झाकण फिरवलं, नि गोळा टपकन हातात! "फोडलास गं!" मी वरडले. ती हसली पण न्हाय. आत सुईएवढे रोळ, आन् त्यांना रुईचं काळं कांबळं गुंडाळलेलं.

"ही बघा. तेल आजचं हाय, रुई लय दिसांची."

कमरेला खोचलेला, लूमचा धागा ओढायचा हूक काढला नि एकेक धागा सोडवला. आतलं तेल चिंधीनं टिपलं. गोळा साबणानं धुतला, पदरात पुसला, परत बसवला. जोहरानं भीत भीत हात ठेवला. बाण पळाला! वर, खाली, म्हणशील तिथं. पोरीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

गंगूनं काय विचारावं? "शेठ, खोली सांजच्याला खाली केली तर चालंल?"

"आधी चाय पी," शेठ बोलले. "आन् ते दार उद्यापासून बंद ठेवा रे!"

राहिली खोली.

त्या सांजेला मी भिंतीपल्याड तिज्या चुलीशी गेले. रडतच विचारलं, "का गं केलंस?"

ती भाकर थापत बोलली, "तू गेलीस नि बाजूला कुणी मुकी येऊन बसली, तर मला मशीनवर झोप यायची."

बास, येवढंच. मरेपर्यंत परत तोंडातून काढलं न्हाय. मी पण कुणाला बोलले न्हाय, तुज्या आज्याला पण न्हाय. शेठ गेले ते तेल गंगूनंच घातलं असं समजून.

तेल मी घातलं व्हतं. लिवलंस? माजं नाव घालून लिव.